भोपळा, पेटी आणि स्पीकर : तंबोऱ्याच्या विविध आवृत्त्यांच्या नादाची तुलनात्मक समीक्षा

सारांश : एकाच वाद्याच्या किंवा ध्वनियंत्राच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची तुलना करताना ‘अस्सल’ आणि ‘नकली’ अशी विभागणी करण्याकडे सर्वसाधारण कल असतो. प्रस्तुत लेखात भोपळ्याचा तंबोरा, सूरपेटी, इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरील तंबोरा यांच्या नादाची तुलना केली असून, इलेक्ट्रॉनिक आवृत्तीतील स्पीकर हा केवळ ध्वनिवाहक नसून वाद्याचाच एक अवयव आहे, या दृष्टीने तिचे मूल्यमापन केले आहे. ही तुलना ‘नाद कसा आहे’ एवढ्यावर न थांबता ‘तो नाद गाणाऱ्याकडून काय करवून घेतो’ येथपर्यंत जावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : तंबोरा, जवारी, स्वयंभू गंधार, स्पीकर, मिरज, संगीतशिक्षण.

१. प्रस्तावना

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हे नीरेच्या खोऱ्यातील गाव सहकारी साखर कारखान्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. येथून वाहत जाणारी नीरा इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे भीमेस मिळते आणि भीमा पुढे पंढरपुराकडे जाते. पंढरपूर-मंगळवेढा या परिसरात जो मोठा कडू भोपळा पिकविला जातो, तोच वाळवून मिरजेच्या कारागिरांकडे जातो आणि त्यापासून तंबोरे व सतारी घडतात. अशा रीतीने उसाचे आणि नादाचे पीक एकाच खोऱ्यात येते. फरक इतकाच की, पहिल्याचा हिशेब टनात होतो आणि दुसऱ्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

आज मात्र हा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत, शाळा-महाविद्यालयांच्या संगीत विभागांत आणि खासगी वर्गांत भोपळ्याच्या तंबोऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने आणि त्याहून अलीकडे मोबाइलवरील तंबोऱ्याने घेतली आहे. या बदलाविषयी दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एका मतानुसार यंत्रातील तंबोरा हा निर्जीव, म्हणून त्याज्य होय. दुसऱ्या मतानुसार सूर तर तोच असतो, मग जुन्या वाद्याचा सांभाळ कशासाठी? ही दोन्ही मते तुलनेवाचून बनलेली आहेत. तुलना करावयाची तर प्रथम कशाची तुलना करावयाची, हे निश्चित केले पाहिजे.

२. स्पीकर : वाहन की वाद्य?

या प्रश्नाचा विचार करताना एका दूरच्या क्षेत्राचा दाखला उपयुक्त ठरतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील विद्युत गिटारचा आवाज लाकडी पेटीत बसविलेल्या स्पीकरमधून ऐकू येतो. घरातील रेडिओच्या किंवा सभागृहातील स्पीकरकडून अपेक्षा असते की, त्याने आत आलेला ध्वनी जसाच्या तसा बाहेर द्यावा. गिटारच्या स्पीकरकडून ही अपेक्षाच नसते. तो साधारणतः पाच हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी मोठ्या प्रमाणात गाळून टाकतो, मधल्या पट्ट्यातील काही ध्वनींना उठाव देतो आणि आवाज वाढविला की त्याचा कागदी शंकू स्वतःच्या ढंगाने थरथरू लागतो. गिटारचा जो स्वर म्हणून श्रोता ओळखतो, त्यातील मोठा वाटा या शंकूचा असतो.

इंग्लंडमधील सेलेस्टियन या कंपनीचा बारा इंची गिटार स्पीकर या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६० च्या दशकात त्याच्या चुंबकाचा प्रकार बदलला, पुढे कागदी शंकूचे आणि ध्वनिवेटोळ्याचेही प्रकार बदलले, उत्पादनाचे ठिकाण टेम्स डिटनहून इप्सविचला आणि नंतर काही नमुन्यांपुरते चीनमध्ये गेले. हिरव्या आवरणामुळे ‘ग्रीनबॅक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या नमुन्यात तर शंकूची नैसर्गिक कंपनसंख्या कुठे ५५ हर्ट्झ, तर कुठे ७५ हर्ट्झ असे. नाव एक आणि नाद भिन्न, अशी स्थिती निर्माण झाल्यामुळे वादकांनी या आवृत्त्यांची काटेकोर तुलना करण्याची परंपराच निर्माण केली. या परंपरेत अतिशयोक्ती आणि गतकालाचे वेड पुष्कळ आहे. परंतु तिच्या मुळाशी एक निर्विवाद सत्य आहे. ध्वनी ज्या पेटीतून बाहेर पडतो, ती पेटी वाद्याच्या बाहेरची वस्तू नव्हे.

हे सत्य भारतीय संगीताला वास्तविक नवे नाही. तंबोऱ्याचा भोपळा हा त्याचा पुरातन पुरावा होय. तार स्वतः फारच थोडी हवा हलविते. तिचे कंपन घोडीतून तबलीला आणि तबलीतून भोपळ्यातील हवेला मिळते, तेव्हा तो नाद खोलीभर पसरतो. म्हणजे तबली आणि भोपळा मिळून तंबोऱ्याचा ‘स्पीकर’ होतो, असे म्हणण्यास हरकत नाही. असे असूनही इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची चर्चा होते, तेव्हा मंडलांची चर्चा होते, आत साठविलेल्या ध्वनीची चर्चा होते. पण त्याच्या पेटीतील तीन-चार इंची स्पीकरविषयी कोणी बोलत नाही. आजवरच्या तुलनेतील पहिली उणीव ती हीच.

३. भोपळ्याच्या तंबोऱ्याची नादघडण

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब या शिकलगारापासून सांगितली जाते. शस्त्रांना धार लावणारा हात तारांना सूर लावू लागला, ही घटना त्या काळच्या संस्थानी महाराष्ट्राचे स्थित्यंतर सूचित करते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते आणि १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर दफनही तेथेच झाले. किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीचा आणि तंबोरे घडविणाऱ्या गावाचा हा शेजार केवळ योगायोग मानता येत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

तंबोऱ्याच्या नादाचे रहस्य घोडीच्या पृष्ठभागात आहे. हा पृष्ठभाग धारदार नसून किंचित बाकदार व रुंद असतो. तार कंप पावताना या बाकावर पुन्हा पुन्हा टेकते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकविलेल्या सुताच्या दोऱ्याने हा स्पर्श नेमका साधला की जवारी खुलते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या लेखात या घोडीच्या कार्याकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा सामान्य नियम आहे. वीणा व तंबोरा या वाद्यांत मात्र तसे घडत नाही, असे त्यांनी दाखविले. म्हणजे साध्या घोडीवर जो उपस्वर गप्प राहिला असता, तो जवारीमुळे बोलू लागतो.

याचे संगीतदृष्ट्या फलित म्हणजे स्वयंभू गंधार. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ, धरल्यास खर्जाची तार ६९.३ हर्ट्झची असते. तिचा पाचवा उपस्वर ३४६.५ हर्ट्झवर येतो आणि तोच शुद्ध गंधार म्हणून ऐकू येतो. समविभागी सप्तकात लावलेल्या संवादिनीवरील हाच गंधार मात्र सुमारे ३४९.२ हर्ट्झचा असतो. अंतर तीन हर्ट्झहूनही कमी. पण लागलेल्या तंबोऱ्याशेजारी संवादिनीचा गंधार चढा वाटतो, त्याचे कारण हेच अंतर होय. गळ्याने कोणत्या गंधाराचा आश्रय करावा, हे तंबोरा न बोलता शिकवितो.

श्रुतींचे असे अंतर मोजण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षांविषयी पुढे मतभेद झाले, तरी गळ्यातील स्वर मोजून पाहण्याची त्यांची वृत्ती आजच्या तुलनेलाही मार्गदर्शक आहे.

४. पर्यायी आवृत्त्या

सूरपेटी ही भात्याने चालणारी, धातूच्या पत्तीतून अखंड सूर देणारी पेटी होय. तिचा गुण स्थैर्य, आणि दोषही तोच. तंबोऱ्याचा प्रत्येक आघात जन्मतो, फुलतो आणि विरतो. चार तारांची ही वलये एकमेकांवर पसरत राहतात. सूरपेटीच्या नादाला असे आयुष्य नाही. ती गाणाऱ्याला षड्ज दाखविते, पण त्याभोवती स्वरांचे वातावरण उभे करीत नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरू येथील अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांच्या प्रयत्नांतून प्रचारात आला. पहिल्या पिढीत नाद मंडलांतून निर्माण केला जाई. पुढील पिढ्यांत खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित तुकडे साठवून ते क्रमाने वाजविण्याची पद्धत आली. यामुळे नादातील साम्य पुष्कळच वाढले. परंतु साठविलेला ध्वनी कितीही अस्सल असला, तरी तो लहानशा पेटीतील लहानशा स्पीकरमधूनच बाहेर पडतो आणि ६९ हर्ट्झचा खर्ज अशा स्पीकरला पेलत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. खर्जाचा मूळ स्वर स्पीकरमधून जवळजवळ नाहीसा झाला, तरी श्रोत्याला खर्ज ऐकू येतच राहतो. वरचे उपस्वर ६९.३ हर्ट्झच्या अंतरांनी ओळीने मांडलेले असल्याने कान त्यांच्यावरून गैरहजर मूळ स्वराचा अंदाज बांधतो. ध्वनिशास्त्रात हा कानाचा सुपरिचित धर्म आहे. तंबोऱ्याच्या बाबतीत तो अधिक प्रभावी ठरतो, कारण जवारीने आधीच उपस्वरांना ठळक केलेले असते. म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे यश हे एका अर्थी जुन्या कारागिराच्या जवारीचेच यश होय. ज्या नादाचे प्राण उपस्वरांत आहेत, तोच लहान स्पीकरमधून जिवंत राहू शकला.

मोबाइलवरील तंबोऱ्यात हा प्रकार टोकाला जातो. फोनचा अंगभूत स्पीकर इतका छोटा की, खर्ज तर सोडाच, मध्य षड्जाचा मूळ स्वरही त्यात क्षीण होतो. कान सूर ओळखतो. पण त्या सुराला बैठक राहत नाही. तोच फोन मोठ्या ध्वनिवर्धकाला जोडला की नाद पुन्हा भरदार होतो. साठविलेला ध्वनी एकच, परंतु पेटी बदलताच वाद्य बदलले. स्पीकर हा वाद्याचा अवयव आहे, याचा याहून सोपा पुरावा कोणता असू शकेल?

५. तुलनेच्या पद्धतीतील दोष

या आवृत्त्यांविषयी व्यक्त होणारी मते बहुधा सदोष तुलनेवर आधारलेली असतात. पहिला दोष प्रबलतेचा. दोन नादांपैकी जो किंचित मोठा असेल तो कानाला अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन्हींची प्रबलता समान केल्याशिवाय केलेली निवड ही नादाची निवड नसते. दुसरा दोष अंतराचा. भोपळ्याचा तंबोरा गाणाऱ्याच्या अगदी निकट असतो आणि त्याची तबली विस्तृत पृष्ठभागातून नाद पसरविते. इलेक्ट्रॉनिक पेटी जमिनीवर ठेवली जाते आणि तिचे वरचे उपस्वर विशेषतः स्पीकरच्या समोरच्या दिशेने जातात. पेटी कानाच्या उंचीवर, स्पीकर गाणाऱ्याकडे वळवून ठेवली, तर दोन्हींमधील अंतर बरेच कमी होते. तिसरा दोष स्थितीचा. उत्तम इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची तुलना अनेकदा अशा जुन्या तंबोऱ्याशी केली जाते, ज्याची जवारी वर्षानुवर्षे काढलेली नसते आणि तारा गंजलेल्या असतात. उलट बाजूने, मिरजेच्या उत्कृष्ट जोडीसमोर स्वस्त पेटी ठेवून यंत्राची निंदा केली जाते. दोन्ही प्रकार अन्यायकारक आहेत.

चौथा दोष अधिक सूक्ष्म आहे. गिटारच्या क्षेत्रात अलीकडे स्पीकरच्या पेटीचा ध्वनिप्रतिसाद एकदाच मुद्रित करून तो संगणकात वापरण्याची पद्धत रूढ झाली. अशा मुद्रणात एका माइकच्या एका जागेवरचा, एका क्षणीचा नाद पकडला जातो. आवाज वाढविल्यावर शंकूचे वर्तन कसे बदलते, हे त्यात येत नाही. तंबोऱ्याच्या मुद्रित तुकड्यांचीही हीच मर्यादा आहे. खऱ्या तंबोऱ्याजवळ गायकाने पंचम अचूक लावला की तारा त्या स्वराने स्वतःहून झंकारतात. बेसूर लागला तर हा प्रतिसाद मंदावतो. मुद्रित तंबोरा गायकाचे काहीच ऐकत नाही. तो अखंड बोलतो. उत्तर मात्र देत नाही. केवळ ऐकून केलेल्या तुलनेत हा भेद प्रकट होत नाही, कारण तो श्रोत्याच्या नव्हे, तर गायकाच्या अनुभवातील आहे.

६. पहारा आणि मैफल

नादाच्या मूल्यमापनात प्रसंगाचे स्थान किती असते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. माळेगावसारख्या गावांतून होणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी आळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभे राहतात. मृदंग, टाळ आणि भोंग्यातून येणारा गजर यांच्यात त्या वीणेचा नाद बहुतेकांना ऐकूही येत नाही. तरी तिच्या जागी अखंड सूर देणारे यंत्र ठेवण्याची कल्पना वारकऱ्याला पटणार नाही. कारण तेथे वीणेचे मूल्य तिच्या ध्वनीत जितके आहे, त्याहून अधिक ती कोणीतरी जागेपणी धरून ठेवली आहे, यात आहे.

मैफलीची गोष्ट वेगळी. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचणारा नाद माइक आणि ध्वनिवर्धक यांतूनच जातो. तेथे शेवटच्या रांगेतील श्रोत्याला मंचावरचा तंबोरा भोपळ्याचा आहे की विजेचा, हे केवळ नादावरून सांगणे कठीण आहे. मात्र गायकामागे तंबोरा धरून बसलेला शिष्य त्या दोन तासांत जे ऐकतो आणि पाहतो, ते कोणत्याही पाठ्यक्रमात बसत नाही. यंत्र आले की त्या नादाबरोबर शिष्याची ती जागाही जाते. तुलनेच्या तक्त्यात या नुकसानीसाठी रकाना नसतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. केवळ आधारस्वर म्हणून विचार केल्यास इलेक्ट्रॉनिक तंबोरा श्रेष्ठ ठरतो. पावसाळी हवेत त्याचा सूर उतरत नाही, ४५ मिनिटांच्या तासिकेत तो जुळविण्यात वेळ जात नाही आणि एकट्या विद्यार्थ्याला घरी रियाज करणे त्याने शक्य झाले. ही सोय क्षुल्लक नाही. ज्या घरात तंबोरा विकत घेणे कधीच परवडले नसते, तेथे सूर पोहोचला, हे मान्य केले पाहिजे.

नादाच्या समृद्धीच्या दृष्टीने पाहता भोपळ्याच्या उत्तम तंबोऱ्याची सर इतर आवृत्त्यांना नाही. परंतु हे अंतर समजले जाते तितके मोठे नाही. त्यातील बराच भाग छोट्या स्पीकरमुळे आणि त्याच्या चुकीच्या मांडणीमुळे निर्माण होतो, आणि चांगली पेटी जोडून तो कमी करता येतो.

खरा भेद शिक्षणाच्या पातळीवर आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे बटण दाबताच सूर तयार मिळतो. भोपळ्याच्या तंबोऱ्यात तो मिळवावा लागतो. खुंटी पिळणे, मणी सरकविणे, सूत हलवून जवारी खुलविणे आणि जोडीच्या दोन तारांमधील डोल हळूहळू थांबताना ऐकणे, ही कानाची साधना आहे. तयार सुरावर वाढलेला विद्यार्थी सुरात गाऊ शकेल; पण सूर लागला आहे की नाही, याचा निवाडा करण्यास तो यंत्रावर अवलंबून राहण्याचा संभव आहे. पाठ्यक्रमाने जपावयाची गोष्ट कोणती, याचे उत्तर येथे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणालीचा उच्चार महाविद्यालयांत वारंवार होऊ लागला आहे. या उच्चाराला कृतीची जोड द्यावयाची असेल, तर संगीत विभागाने यंत्र नाकारण्याची आवश्यकता नाही. विभागात मिरजेच्या तंबोऱ्याची एक जोडी सुस्थितीत असावी, तिची जवारी नियमितपणे कारागिराकडून काढून घेतली जावी, आणि तंबोरा जुळविणे हा प्रात्यक्षिक परीक्षेचा गुण असलेला भाग व्हावा. भौतिकशास्त्र विभागाच्या साहाय्याने साध्या फोनवरील वर्णपट दाखविणाऱ्या प्रणालीतून ३४६.५ हर्ट्झचा स्वयंभू गंधार विद्यार्थ्यांना डोळ्यांनीही दाखविता येईल. हाच प्रयोग इलेक्ट्रॉनिक पेटीसमोर आणि फोनच्या स्पीकरसमोर केल्यास तिन्ही आवृत्त्यांतील भेद मताचा विषय न राहता निरीक्षणाचा विषय होईल.

भौगोलिक मानांकनामुळे मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव सुरक्षित झाले. त्याचा नाद मात्र जोवर कोणी तो जुळवीत राहील, तोवरच सुरक्षित आहे. भीमेकाठी भोपळा पिकत राहावा की नाही, याचा निर्णय शेवटी बाजारपेठेत होणार असला, तरी त्या बाजारपेठेतील एक ग्राहक महाविद्यालय आहे, याचे भान अध्यापकवर्गाने ठेवणे अगत्याचे आहे.